ताटलीतली कात्री

"कात्री होती की ताटलीत," डॉक्टर महिपतराव म्हणाले.

सूर्याजीच्या हातात सुई तशीच राहिली. समोर टेबलावर एक टांगेवाला पडला होता. घोड्यानं लाथ मारून त्याची पोटरी फाडली होती आणि सूर्याजीनं ती शिवून दिली होती. टाके इतके सुरेख पडले होते की टांगेवाला मान उंचावून म्हणाला, "वाह साब! दर्जी को भी मात दे दी!" सगळं कसं छान चाललं होतं. आणि शेवटच्या टाक्याला गाठ मारल्यावर या गड्यानं काय करावं? रेशीम डाव्या करंगळीला गुंडाळलं, हिसडा दिला आणि तोडलं. शेजारी ताटलीत कात्री चकचकत पडलेली असताना!

झालं. घात झाला तो तिथंच.

"घाईत लक्षात नाही आलं, डॉक्टरसाहेब."

"हं."

शहराच्या कंपू भागातल्या सरकारी दवाखान्याचे महिपतराव मोठे डॉक्टर. नव्या डॉक्टरच्या जागेची परीक्षा तेच घेत, आज सूर्याजीची होती, आणि दरबारात त्यांचाच शब्द चाले. त्यांच्या कोटाचं एक बटण लोंबत होतं. एरवी सूर्याजीला हसू आलं असतं. पण ते टक लावून त्याच्या करंगळीकडे बघत होते.

"संध्याकाळी घरी या," ते शेवटी म्हणाले. "दौलतगंजात. चहाला."

सूर्याजीला दरदरून घाम फुटला. त्याला कारणही तसंच होतं. ऐन पंचविशीत, मेळ्यात, दारूच्या नशेत त्यानं एकाच्या पोटात चाकू खुपसला होता. एका डॉक्टरनं टाके घातले म्हणून तो माणूस जगला, आणि तो जगला म्हणून सूर्याजी फासावरून वाचला. तुरुंगात दऱ्या, म्हणजे जाड सतरंज्या, विणता विणता त्यानं ध्यास घेतला, आपणही टाके घालायचे. सुटल्यावर आडनाव बदललं. इंदूरला उपाशीतापाशी राहून डॉक्टरी शिकला. पण रियासतीचा कायदा सरळ होता. सजा भोगलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात जागा नाही, आणि लपवून शिरलाच तर पुन्हा तुरुंग.

आणि तुरुंगात विणकराच्या हाती कात्री कोण देतो? तिथं सगळेच करंगळीनं दोरा तोडायचे. आडनाव बदलता येतं हो, बोटांना कोण समजावणार?

संध्याकाळी महिपतरावांच्या बैठकीत पाऊल टाकलं आणि त्याचं काळीज लक्कन हललं. जमिनीवर निळ्या पट्ट्यांची दरी पसरली होती. तसल्या पट्ट्या विणून त्याची बोटं सोलून निघाली होती. दरीवर बसून महिपतराव सुईत दोरा ओवत होते. मांडीवर सकाळचाच कोट.

"घरात बायको असून बटणं स्वतः लावायची," चहा ठेवताना त्यांच्या पत्नी मंदाताई म्हणाल्या. "मी सुई घेतली की यांना राग येतो." मग सूर्याजीकडे वळून म्हणाल्या, "आजवर एकाही उमेदवाराला घरी बोलावलं नव्हतं हो यांनी. तुमचं काय एवढं आवडलं, कोण जाणे!" आणि त्या आत गेल्या.

"दरी कशी वाटते?" महिपतरावांनी विचारलं.

"चांगली आहे."

"तुरुंगातली आहे. तिथं विणकराला कात्री देत नाहीत. ठाऊक होतं?"

"मला कसं ठाऊक असणार?" सूर्याजीनं कपबशी खाली ठेवली.

"मग तसा दोरा तोडायला कुठं शिकलात?"

"आईकडे. ती गोधड्या शिवायची."

"बरं." सुई बटणातून वर आली, पुन्हा खाली गेली. "हे बघा, तुमचा हात सोन्यासारखा आहे. मला तुम्हाला घ्यायचंय. सांगायचं काही राहिलं असेल तर आत्ता सांगून टाका. इथं आपण दोघंच आहोत."

सगळं अगदी ओठावर आलं. सांगून मोकळं व्हावं, पायावर डोकं ठेवावं. पण चाकूच्या त्या प्रकरणात पकडणारा फौजदारही असंच गोड बोलला होता. कबूल कर बेटा, घरी जाशील. सूर्याजीनं कबूल केलं होतं, आणि घरी सोडणं दूरच, उलट बेड्या पडल्या होत्या. पुन्हा तोच मूर्खपणा? छे!

तो ताठ बसला.

"संशय असेल तर स्पष्ट बोला, डॉक्टरसाहेब. मराठ्याचं पोर आहे मी. तुरुंगाची हवा खाल्लेल्या माणसाच्या हाती सुई द्यायची म्हणजे काय थट्टा आहे? असला माणूस आधी कसाई, मग डॉक्टर. रोग्याच्या अंगाला त्याचं बोटसुद्धा लागू देऊ नये. सापडला तर उभ्या उभ्या हाकलून द्यावा. मी तर दिलाच असता."

स्वतःचंच बोलणं त्याला परक्याचं वाटलं. पण मात्रा लागू पडली असावी. महिपतरावांनी मान खाली घातली आणि सुई पुन्हा बटणातून ओढली.

"हे तुमचं पक्कं मत?"

"अगदी पक्कं."

"कितीही वर्षं झाली, कितीही जीव वाचवले, तरी?"

"तरीही."

सूर्याजीला हायसं वाटलं. सुटलो, त्याला वाटलं. जागा आपलीच.

मंदाताई आतून कात्री घेऊन आल्या. "ही घ्या. झालं ना लावून?"

महिपतरावांनी कात्रीकडे पाहिलंही नाही. बटणाखाली गाठ मारली, दोरा डाव्या करंगळीला गुंडाळला आणि एक हिसडा दिला.

"मग सूर्याजीराव," ते म्हणाले, "उद्यापासून आपण दोघांनीही घरी बसायचं."