लंबकाचा तास

फिजिक्सच्या बाईंनी स्टँडला टांगलेला पितळी गोळा बाजूला ओढून सोडला आणि हात झटकले. "आज मी काही शिकवणार नाही. तुम्ही विचारायचं."

दहावीचा वर्ग झुलत्या गोळ्याकडे बघत बसला.

"बाई, हे परीक्षेला आहे?"

"पुढचा."

"बाई, लंबकाची व्याख्या काय?"

"पुस्तकात आहे. पुढचा."

"बाई, हा का हलतो?"

"मी सोडला म्हणून!" वर्ग खिदळला. बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, असं विचारा की ज्याचं उत्तर या टेबलावर सापडेल. काहीतरी बदलून बघता येईल असं. दगडाला पाझर फुटेल, पण तुमच्या तोंडून प्रश्न फुटायचा नाही!"

गोळा थांबला. त्यांनी पुन्हा सोडला.

पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाने पेन सरसावलं. "बाई, तुम्हीच एखादा चांगला प्रश्न सांगा ना. आम्ही लिहून घेतो."

बाई मटकन खुर्चीत बसल्या.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. जिला सगळे मुकी मैना म्हणत, ती उभी होती. वर्षभरात हजेरीपलीकडे तिचा शब्द कुणी ऐकला नव्हता.

"बाई, गोळा जड घेतला तर झोका लवकर होईल की उशिरा?"

"सारखाच वेळ लागेल," बाई म्हणाल्या. "वजनाने फरक पडत नाही."

सगळ्या माना खाली गेल्या. पेनं चालू लागली. मैना 'बरं' म्हणून बसली.

तेव्हा कुठे बाईंना कळलं आपण काय केलं ते. जित्याची खोड! स्वतःचीच जीभ हासडावी असं त्यांना वाटलं.

"खोडा ते!"

"चुकलं का, बाई?"

"बरोबर की चूक, मला विचारू नका! खोडा म्हणते ना!" त्यांनी कपाट उघडून खडखडाट केला आणि शिशाचा गोळा टेबलावर आदळला. "मैना, ये पुढे. तुझा प्रश्न आहे, तूच बघ."

घंटा झाली. वर्ग दप्तरं उचलून भुर्रकन पळाला. मैना मात्र पुढे आली, पितळी गोळा सोडून जडवाला दोऱ्याला बांधू लागली. बाईंनी हुरूपाने स्टॉपवॉच हातात घेतलं.

"ते तुम्ही नका धरू, बाई," गाठ आवळत ती म्हणाली. "तुम्हाला उत्तर माहीत आहे."