चेष्टा

चाकाखाली कुरकुरणारी वाळकी सागाची पानं.

एक बस. टपावर दोरखंडानं आवळलेलं श्रीखंडाचं पातेलं.

‘मांडू ६’ असा दगड आणि त्याला पाठ घासणारी शेळी.

कमरेशी दोनदा खोचलेला नऊवारीचा काष्टा.

रस्त्याच्या कडेला जमीन एकदम तुटलेली: काकडा खोह. तळाशी कौलारू पाडा. पाड्याच्या वर घार; तरीही रस्त्याच्या खालीच.

एक अट.

अट नारायणरावांनी घातली, त्या दिवशी सकाळी, धारला, बायका बसमध्ये चढत असताना. दर फाल्गुनात धारच्या मराठी घरांची मांडूची सहल निघे. पुरुष सायकलींवर, बायका मागून बसमध्ये. एकोणीसशे एकोणऐंशी साली नारायणरावांच्या थोरल्या वहिनी जानकीबाई यजमानांची काळी सायकल धरून पुरुषांच्या रांगेत उभ्या राहिल्या. शेजारी उसनी सायकल घेऊन नारायणरावांची मुलगी सुनेत्रा.

“वहिनीसाहेब,” नारायणराव म्हणाले, “सपाटीवर कोणीही चालवेल. खोहपासून गडाच्या दरवाजापर्यंतचा चढ पाय न टेकता चढून दाखवा. सुनेत्रा जूनपासून कॉलेजात सायकलनं जाईल.”

“आणि टेकला तर?”

“तर दोघी बसमध्ये. सायकलचं नाव पुन्हा घरात निघायचं नाही.”

“बरं,” जानकीबाई म्हणाल्या.

आता चढ.

पुरुष खोहपासून जोरात सुटले होते, सीटवरून उठून, पायडलवर उभे राहून. जानकीबाई बसूनच होत्या. एक पाय, दुसरा पाय. पहिल्या वळणावर त्यांनी दोघांना मागे टाकलं, त्यापुढे आणखी चौघांना. मान वळवून कोणाकडे पाहिलं नाही. मान वळली की हँडलही वळत होतं.

पळस पेटलेला होता. तोही त्यांनी पाहिला नाही. समोरचं चाक आणि त्याच्यापुढचं हातभर डांबर, एवढंच.

मागून आवाज येत होते. खाकरणं, ओरडणं. मागे पडलेल्यांपैकी गणोजी कोणाला तरी म्हणाले, “अरे भिया, ये तो निकल ली!”

“मागे काय चाललंय गं?” जानकीबाईंनी विचारलं.

“काकीसाहेब, सगळे कोशिश...” सुनेत्रा धापा टाकत म्हणाली.

“मराठीत.”

घरात काकीसाहेबांचा हा नियमच होता. सुनेत्राची शाळा हिंदी. घाईत शब्द सापडेना. शब्द जितका जड तितका तो मराठी, असा तिचा आजवरचा अनुभव. तिनं हिंदीच्या पुस्तकातला जड शब्द काढला.

“सगळे चेष्टा करतायत, काकीसाहेब. खूप.”

जानकीबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“कोण कोण?”

“सगळेच. माझे आबासाहेब पण.”

“करू देत,” त्या म्हणाल्या आणि दातांनी पदर धरला.

दुसरं वळण. सुनेत्राची चेन उतरली. “तुम्ही थांबू नका!” ती ओरडली. त्या थांबणारच नव्हत्या. सायकल इतकी हळू चालली होती की पडेल असं वाटावं. पण पडत नव्हती. तिसऱ्या वळणावर लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरणाऱ्या भिल्लिणी बाजूला झाल्या. त्यांतली एक मोळीसकट वळली आणि ही बाई दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

दरवाजा आला. कमानीखाली क्षणभर गारवा. जानकीबाई तिथंही थांबल्या नाहीत. जुन्या मशिदी, पडके घुमट, पाणी भरलेला तलाव, सगळं बाजूनं जाऊ दिलं आणि तलावाच्या काठच्या एका गोरखचिंचेपाशी गेल्या. उतरायला त्यांना खोडाला हात टेकावा लागला.

बऱ्याच वेळानं सुनेत्रा सायकल हातात धरून पळत आली. हात काळे, चेहरा त्याहून काळा.

“जमलं! काकीसाहेब, जमलं!”

“आता सांग. सगळ्यांत जास्त कोण हसलं?”

“कुठे हसलं?”

“तूच म्हणालीस. चेष्टा करतायत म्हणून.”

“हो मग! खूप केली. आबासाहेबांनी तर सगळ्यांत जास्त चेष्टा केली. तरी दुसऱ्या वळणावर उतरलेच. आता ढकलत येतायत.”

जानकीबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

“चेष्टा म्हणजे काय गं?”

“प्रयास. म्हणजे... कोशिश.”

“मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल, बाळ. मजाक.”

सुनेत्रानं काळा हात तोंडावर ठेवला. “म्हणजे तुम्ही पूरा चढ असं समजून...”

“पूरा.”

दोघींना हसू आवरेना. जानकीबाईंना त्यातच ठसका लागला. त्या खोडाला टेकून खाली बसल्या.

“सॉरी काकीसाहेब. आता कधी...”

“कोशिश म्हण,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “कोशिशच बरं.”

नारायणराव आले. सदरा अंगाला चिकटलेला, सायकल हातात. मागे गणोजी, तेही पायीच. “वैनीसाहेब, मान गये!” गणोजी लांबूनच ओरडले. नारायणरावांनी सायकल स्टँडवर लावली, मुलीच्या काळ्या हातांकडे पाहिलं.

“जूनपासून,” ते तिला म्हणाले.

मग कपाळाचा घाम पुसला, दोन पावलं मागे सरले आणि थोरल्या वहिनीला रोज सकाळी नजर दुसरीकडे ठेवून करायचे तो मुजरा, त्यांनी भर दुपारी, त्यांच्याकडे बघत, पुन्हा एकदा केला.

जानकीबाई सायकल शिकल्या त्या आदल्या दसऱ्यानंतर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी.