राजाचा विरह

अमळनेरच्या हौशी मंडळाने जुनं संगीत नाटक बसवायला घेतलं आणि राजाचं काम भिकननानांना मिळालं. पण "प्रिये, तुझ्याविना हा प्रासाद मज अरण्य भासला" हे वाक्य ते एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखं म्हणायचे. दिग्दर्शिका मेघा मॅडम शेवटी वैतागल्या. "नाना, उद्याही असंच म्हणालात तर राजा बदलावा लागेल."

नाना घरी येऊन बायकोपुढे कुरकुरले, "राजवाडामा जंगल कसं काय उगस?"

द्रौपदाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "मी माहेरले जास तवय तुमले कसं वाटस?"

"घर खावाले उठस."

"कसं खास? घरले दात शेतस का?"

नाना ठसका लागेपर्यंत हसत सुटले.

प्रयोगात ते वाक्य आलं तेव्हा नानांनी शेजारच्या राणीकडे पाहिलंच नाही. ते थेट पहिल्या रांगेत बसलेल्या द्रौपदाबाईंकडे वळले आणि भरल्या गळ्याने बोलले. सगळं नाट्यगृह माना उंचावून बघू लागलं. द्रौपदाबाईंनी तोंडावर पदर ओढला आणि आतूनच ओरडल्या, "समजनं, बठ्ठं, सगळं समजनं! आते तिकडे देखा, राणी तिकडे शे!"