नमस्काराचा जोर

दिव्याला हात जोडून कुमुदिनीबाईंनी पायांत स्पर्शमोजे चढवले. लेक मृण्मयी चंद्रावर नोकरीला. रोज दिवेलागणीला ती तिथून नमस्कार करी आणि तिच्या बोटांचा स्पर्श थरथर होऊन आईच्या पावलांवर उतरे.

"हल्ली नमस्कार नुसता उरकतेस हो," त्या हळूच म्हणाल्या. "मुंगी चालल्यासारखा वाटतो."

"अगं आई, जोर शेवटपर्यंत वाढवलाय!" मृण्मयी म्हणाली. "एक मोजा काढून गालाला लाव बघू."

"पायातला मोजा गालाला? शिव शिव!"

तरी त्यांनी लावला. सगळा गाल थडथडला.

"माझेच पाय बधिर झालेत गं," कुमुदिनीबाई पुटपुटल्या. "आणि मी तुला बोल लावत होते. उद्याच डॉक्टरांना दाखवते. तोवर नमस्कार गालालाच कर. जोर मात्र कमी कर बाई, दात हलतात!"