रोशनीच्या पाठीवरचा कागद

सहावीच्या मुलींच्या पाठीवर सविताबाईंनी एकेक कोरा कागद चिकटवला होता. मैत्रिणीच्या पाठीवर तिचा चांगला गुण लिहायचा, असा खेळ. बाई नाशिकच्या प्रशिक्षणात शिकून आलेल्या. आपले गुण कळले की मूल आनंदी राहतं म्हणे. डोंगरातल्या आश्रमशाळेत तेवढंच बाकी राहिलं होतं!

पोरी मात्र खूश होत्या. एकमेकींच्या पाठीवर वाकून, खिदळत लिहीत होत्या.

रोशनीच्या कागदावर सात जणींनी लिहिलं. 'रडत नाय.' 'डाळीत नुसतं पाणी असलं तरी गप जेवते.' 'कायपण सोसते.'

"बघा गं!" बाईंनी सगळ्यांना वाचून दाखवलं. "याला म्हणतात सोशिकपणा. वाजवा टाळ्या!"

टाळ्या झाल्या. बाई कागद काढायला गेल्या आणि त्यांनी चटकन हात मागे घेतला. गणवेशावरूनसुद्धा रोशनीची पाठ तव्यासारखी तापलेली लागत होती.

"अगं बाई! कधीपासून ताप आहे हिला?"

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी पायल म्हणाली, "चार दिस झालं. पोटात लय दुखतं तिच्या. गोधडी दातात धरून पडते."

"आणि मला सांगता येत नव्हतं? काय गं रोशनी, तोंड शिवलं होतं का तुझं?"

रोशनी ओशाळली. "तुमीच म्हणल्या ना बाई, रोशनीसारखं ऱ्हावा. तिची कधी तक्रार नसती."

म्हणाल्या होत्या. मागच्याच आठवड्यात, प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर. बाईंना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

गावातल्या डॉक्टरांनी रोशनीच्या पोटाला हात लावला. पोट टणक झालं होतं. "आत काहीतरी फुटलंय. नाशिकला न्या, आत्ताच्या आत्ता. फार उशीर केलात, बाई."

सावळघाटात जीप खड्ड्याखड्ड्यांतून आदळत चालली होती. रोशनीचं डोकं बाईंच्या मांडीवर होतं. ओठ पांढरे पडले होते, पण तोंडातून ब्र नाही. रडत होत्या त्या बाईच. 'देवा, हिला वाचव,' एवढंच पुन्हा पुन्हा पुटपुटत होत्या.

एका मोठ्या खड्ड्यात गाडी दणकली. रोशनीने बाईंचा पदर ओढला. बाई खाली वाकल्या.

"बाई," ती हळूच म्हणाली, "जरा कण्हू का?"