ब्रुनोची फळी

कुत्र्याच्या कसरतीचं सामान घेऊन मी पस्तावलो. कापडी बोगद्यात ब्रुनो झोपतो आणि उडी मारायच्या पाइपांखालून सरपटत जातो. शेवटी शहाद्याच्या सुताराकडून चढ-उताराची फळी करून घेतली. चांगली रुंद, उतार अगदी कमी, वर रबर ठोकलेलं. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, पाय घसरला तर कुत्र्याचे गुडघे जातात.

आमचं गाव प्रकाशा. तापीच्या पुराच्या भीतीने आजोबांनी ओटा पाच पायऱ्या उंच बांधलेला. त्या ओट्याला फळी टेकवली आणि पंधरा दिवस रोज सकाळी बिस्किट दाखवून घसा कोरडा केला, "हळू उतर. घाबरू नको. मी शे ना!" हा मठ्ठ फळीकडे बघतसुद्धा नव्हता, पायऱ्यांवरून एका उडीत खाली. दोन वर्षं गुडघे धरून ओट्यावरच बसलेली माझी माय हे सगळं गुपचूप बघायची.

आज केळीच्या बागेतून घरी आलो तोच डोकं तापवून. ठरवलंच होतं, ही फळी फोडायची आणि चुलीत घालायची. फाटक उघडलं, तर माय अंगणात! काठी टेकत, कडुलिंबाखाली उभी. ब्रुनो तिच्या पायाशी.

मी कधी तिच्याकडे, कधी फळीकडे बघत राहिलो.



"त्याले नही जमनं तर ऱ्हाऊ दे, धीरज," ती म्हणाली. "मी शिकी गऊ."