शेजारची तार

"तुमची न् दादांची, दोन्ही वायरी एकाच पायपात हायती," बिरदेव इलेक्ट्रिशियननं इंटरकॉम उघडून दाखवला. "वायरीवरचं जाळीचं कवच कुठंतरी उसवलंय. म्हणून शेजारचं बोलणं हिच्यात उतरतंय. अर्ध्या तासाचं काम हाय, करू?"

"राहू दे," वीरधवल म्हणाला.

भिंतीला कान असतात म्हणतात. इथं तारेलाच फुटले होते, आणि असं आयतं घबाड कोण बुजवतो? शेजारच्या केबिनमध्ये त्याचा थोरला चुलतभाऊ उदयसिंह, म्हणजे दादा, बसायचा. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आता वाटण्या व्हायच्या होत्या: एकाला कुपवाडची ही फाउंड्री, दुसऱ्याला शिरवळची शेड. कुपवाडची भट्टी वीरधवलनं वीस वर्षं घाम गाळून उभी केली होती. तिच्यावर त्याचा जीव होता, आणि ती सोडायची नाही हे त्याचं पक्कं होतं.

त्या दिवसापासून तो दार लावून खरखरीला कान देऊ लागला. पत्र्याखाली मोबाईलला रेंज नसायची, त्यामुळं उदयसिंह टेबलावरच्या फोनवरूनच बोलायचा. एरवी तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा माणूस, पण तारेतून त्याचा शब्द न् शब्द सुटा ऐकू यायचा.

"कुपवाड त्याच्याच गळ्यात मारायचं, वकीलसाहेब. भट्टी दोन वर्षांत बंद पडतीय. आन् शिरवळला पाच वर्षांचं काम येतंय, ह्ये त्याला कळता कामा न्हाई."

वीरधवलच्या अंगाचा तिळपापड झाला. सोमवारच्या बैठकीत त्यानं सरळ शिरवळ मागितलं. उदयसिंहचा चेहरा पडला. त्यानं हातापाया पडून बघितलं, आईची शपथ घातली, शेवटी शिव्या देत सही केली. वीरधवलनं मिशीतल्या मिशीत हसत खाली आपली ठोकली. भट्टी सुटल्याचं वाईट वाटलं, पण दादाची जिरवल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

दुपारी तो केबिन आवरत होता, तेव्हा बिरदेव हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"तुला कुणी बोलावलं रं?"

"दादांनी. वायरी येगळ्या करायच्या हायती." बिरदेव स्टूल ओढून भिंतीशी गेला. "एका पायपात घालायला लावल्या, तवाच सांगून ठिवलं हुतं, सह्या झाल्या की सोडीव म्हणून. झाल्या न्हवं सह्या?"